भाव पडल्यावर बरणी

एप्रिल २०२२ मध्ये लिंबाचा भाव किलोला दोनशेच्या वर गेला आणि टीव्हीवाल्यांना कितीतरी दिवस तो एकच विषय पुरला. त्याच झाडांची लिंबं आषाढ-श्रावणात गोण्या भरून बाजारात पाठवली, तर तोडणी, बारदान, हमाली, अडत आणि गाडीभाडं वजा जाता हातात चहापाण्यापुरतं उरतं. कधी तेही नाही. कारण साधं आहे. लिंबाला वर्षात तीन बहार: जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचा आंबिया, पावसाच्या तोंडावरचा मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त. त्यातला आंबिया सगळ्यांकडे न बोलावता येतो. त्याची फळं जून ते ऑगस्टमध्ये, सरबताची कुणाला आठवणही नसताना, एकदम बाजारात उतरतात.

आमची बाग श्रीगोंदा तालुक्यात. पाठवून परवडत नाही असं दिसलं की त्या दिवशीची लिंबं ओसरीवर येऊन पडतात आणि घरातले पुरुष निवांत विचारतात, "याचं काय करायचं मग?" लग्न होऊन आल्यापासून मी हा प्रश्न सोडवते आहे. पाककृतीची पुस्तकं इथे फारशी कामाची नाहीत. त्यांत आधी पदार्थ ठरतो, मग 'साहित्य : लिंबं बारा' असं येतं. आमच्याकडे साहित्य आधीच आलेलं असतं आणि ते बारा नसतं. तेव्हा ढिगाकडे बघून पदार्थ कसा निवडावा, याबद्दल मला जे कळलं ते लिहिते.

१. मरायला टेकलेलं आधी

हे सासूबाईंचं वाक्य. "मरायला टेकलेलं आधी घे, जगणारं उद्याच्याला बघू." काय करायचं हे त्या कधीच आधी सांगत नसत. ताडपत्रीवर ढीग ओतायच्या, पाय पसरून बसायच्या आणि निवडायला घ्यायच्या. ढिगातून चार ढीग झाले की काय करायचं ते आपोआप ठरलेलं असायचं.

पिकून पिवळं झालेलं, साल पातळ आणि तुळतुळीत, दाबलं तर आत रस हलल्यासारखा वाटतो, ते लोणच्याचं. सालीवर खैऱ्याचे खरखरीत तपकिरी फोड असलेलं रसाचं. खैऱ्या म्हटलं की व्यापारी हात लावत नाही, पण कापून बघा, आतला रस स्वच्छ असतो. लोणच्यात मात्र आपण सालच खातो, तिथे ते फोड दाताखाली येतात. पडीचं, आपटलेलं, चीर गेलेलं असेल तर त्याला रात्रीपर्यंतची मुदत. हिरवं आणि कडक असेल ते सावलीत पसरून ठेवलं की काही दिवस दम धरतं. निळसर हिरवी भुकटी धरलेलं एकही लिंबू ढिगात राहू द्यायचं नाही. शेजारची चार घेऊन जातं.

निवडताना वास घेण्याचं काम सुरुवातीलाच उरकून घ्यावं. सालीतलं तेल बोटांना लागत राहतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने नाक असं भरून जातं की चांगलं आणि उतरलेलं लिंबू सारखंच वाटतं. आणखी एक, हे बागेत नव्या आलेल्या माणसाला कुणी सांगत नाही: रस लागलेले हात न धुता उन्हात जायचं नाही. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडीवर काळपट चट्टे उठतात, कधी भाजल्यासारखे फोड येतात. लोक त्याला ॲलर्जी समजून मलमं लावत बसतात.

२. लिंबं फुकट असली तरी साखर विकत आहे

ढीग संपवायचा म्हटलं की पहिला विचार येतो सरबताचा. टिकाऊ सरबताचं जुनं प्रमाण असं: एक लिटर रस, दोन किलो साखर, एक लिटर पाणी. आता हिशोब करू. एक किलो लिंबांतून ढोबळमानाने चारशे मिली रस निघतो. म्हणजे दहा किलो लिंबांचा चार लिटर रस, त्याला आठ किलो साखर आणि चार लिटर पाणी. तयार होणार तेरा लिटरच्या आसपास सरबत. लिंबं ज्या दिवशी पाच रुपये किलोनेही कुणी घेत नाही त्या दिवशी आपण साखरेवर तीन-साडेतीनशे रुपये घालतो, वर बाटल्या शोधत फिरतो. आणि हे दहा किलोचं झालं, गोणीचं काय?

आमच्या तालुक्यात साखर कारखाने आहेत आणि सभासदाला सवलतीत साखर मिळते, म्हणून इकडच्या बायका सरबताला जरा मोकळ्या हाताने तयार होतात. पण तीच साखर दिवाळीलाही लागते.

मिठाचं गणित वेगळं आहे. एक किलो लिंबांना दोनशे ग्रॅम मीठ. दहा किलोला दोन किलो. वरचा खर्च नाही, गॅस नाही, बाटल्या नाहीत, बरणी घरातली. म्हणून माझा ठोकताळा असा की मोठा ढीग मिठाकडे जातो, आणि साखरेकडे तेवढाच जातो जेवढं सरबत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घर खरोखर पिणार आहे.

३. निर्णय पुढे ढकलता येईल अशी कृती निवडावी

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट ही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ढीग पडतो त्या दिवशी आपल्याला माहीत नसतं की यंदा कुणाला काय हवं होणार आहे. मुलगा हॉस्टेलला गेला तर तिखट लोणचं लागेल. दिवाळीला नणंदा आल्या तर गोड. नवरात्रात घरात उपवास करणारे किती, त्यावर उपवासाचं. पहिल्याच दिवशी तिखट-मसाला घालून मोकळं झालं की ती बरणी तिखटच राहते, पाच किलोच्या पाच किलो.

म्हणून मी नुसतं मिठातलं लिंबू घालते. लिंबं धुवायची, पुसायची आणि रात्रभर पंख्याखाली धोतराच्या फडक्यावर पसरून ठेवायची. देठाच्या खाचेत पाणी राहतं, ते बघायचं. बुरशी तिथूनच सुरू होते. सकाळी कोरड्या सुरीने आठ-आठ फोडी. बिया काढायच्या, कंटाळा आला तरी काढायच्या. किलोला दोनशे ग्रॅम मीठ चोळून चिनी मातीच्या बरणीत भरायचं आणि खैऱ्याच्या ढिगातल्या लिंबांचा ताजा रस वरून इतका ओतायचा की फोडी बुडतील. तोंडाला दादरा बांधायचा. रोज कोरड्या लाकडी डावाने खालवर करायचं, कारण वर तरंगणारी फोड तीच आधी बिघडते. पावसाळा असला तरी आमच्याकडे चिंता नसते. श्रीगोंदा पर्जन्यछायेत, श्रावणातही दुपारचं ऊन पडतं. तीन-चार आठवड्यांत साल मऊ होते, पिवळा रंग जाऊन मधासारखा तपकिरी येतो आणि रस दाट होतो.

या बरणीत हळद घालायची नाही. मोहरी, मेथी, हिंग तर नाहीच. पुष्कळ घरांत यातलं काहीही उपवासाला चालत नाही. चिमूटभर हळद पडली की ती अख्खी बरणी नवरात्रातून बाद. मिठाची बरणी एकदा मुरली की लागेल तेव्हा वाडगाभर काढायची. लाल तिखट, मोहरीची डाळ आणि गार केलेली फोडणी घातली की जेवणातलं लोणचं. गूळ किंवा साखर, जिरेपूड, थोडं तिखट घालून जरा आटवलं की उपवासाचं. काही न घालता दोन वर्षं विसरून गेलात तर ते काळं पडतं, आणि तापातून उठलेल्या माणसाला पेजेबरोबर तेच हवं असतं. आमच्या घरी पाहुणे चांगल्या तिखट लोणच्याला नावाजतात आणि जाताना हळूच काळं मागतात.

कुकरमध्ये लिंबं वाफवून झटपट लोणचं करणारे आहेत. चार दिवसांत खायला मिळतं हे खरं. पण वाफवलेली साल पुढे लगदा होते, आणि ढीग संपवायचा असेल तेव्हा घाई कुणाला आहे?

४. कडूपणा कधी येतो ते कळलं की रस कसा वापरायचा ते कळतं

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. तो घरी बिअर करतो. तिकडे स्वतःच्या पिण्यापुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे तो विषयच मिटलेला. मागे फोनवर म्हणाला, "मामी, तुमच्या लिंबांसारखंच झालंय माझं. हॉप्स स्वस्तात मिळाल्या म्हणून घेऊन ठेवल्या, आता फ्रीजर भरलाय." हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, आपल्याकडे हिमाचलात लाहौलला होतात. बिअरला कडूपणाही त्यांचाच आणि सुवासही त्यांचाच. तासभर उकळल्या तर कडूपणा उतरतो आणि वास वाफेबरोबर निघून जातो. आच बंद करताना टाकल्या तर वास राहतो, कडूपणा थोडाच येतो. म्हणून ज्यांचा वास उतरलाय त्या जुन्या हॉप्स तो सुरुवातीला घालतो आणि ताज्या शेवटी. आणि प्रकार निवडतो तोही हॉप्स पुष्कळ खाणारा, इंडिया पेल एलसारखा.

मला हे ऐकून नवल वाटलं नाही. वरणात, पोह्यात, भाजीत लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरीलाही माहीत असतं.

पण लिंबाची एक खोड हॉप्सपेक्षा वाईट आहे. ते न उकळताही कडू होतं. सालीच्या आतला पांढरा थर आणि बिया यांत असलेल्या ज्या द्रव्यापासून लिमोनिन बनतं ते द्रव्य स्वतः कडू नसतं. रस पिळला, ते आंबट रसात मिसळलं, की काही तासांत त्याचं कडू लिमोनिन होतं. सकाळी चाखलेला रस गोडीत असतो आणि संध्याकाळी तोच घसा धरतो, तो यामुळे. म्हणून मिक्सर नको. लाकडी पिळणीने, शेवटच्या थेंबाचा हट्ट न धरता पिळायचं आणि लगेच गाळायचं. सरबताचा पाक पूर्ण गार झाल्यावरच रस घालायचा.

आणि रस कडवटलाच, तर तो सरबतात साखर वाढवून लपवायला जाऊ नये, साखर जाते आणि कडूपणा राहतो. त्याचं पाचक करावं. आल्याचा रस, सैंधव, ओवा, जिरं यांच्या गर्दीत थोडा कडूपणा खपून जातो, किंबहुना शोभतो.

५. टिकलेला रस औषधाचा राहत नाही

लिंबाचा रस बाटलीत भरून वर्षभर ठेवला की वर्षभराचं 'क' जीवनसत्त्व घरात आलं, असं समजणारे खूप. त्यांनी ब्रिटिश नौदलाची गोष्ट ऐकावी. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टराने स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या जोड्या करून प्रत्येकीला वेगळं औषध दिलं. संत्री आणि मोठी लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. १७९५ पासून नौदलात लिंबाचा रस वाटायला सुरुवात झाली आणि स्कर्व्ही जवळजवळ गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात नौदल भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडिजमधलं छोटं लिंबू घेऊ लागलं. ते म्हणजे जातीने आपलं कागदीच. १८७५ मध्ये जॉर्ज नेअर्सची मोहीम त्या रसाचे साठे घेऊन उत्तर ध्रुवाकडे गेली आणि तरी माणसं स्कर्व्हीने आजारी पडली, काही मेली. लिंबात काही गुण नाही, असंही मग लोक म्हणू लागले. १९१८ च्या सुमाराला लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा कळलं की छोट्या लिंबाच्या ताज्या रसात मोठ्याच्या मानाने हा गुण सुमारे चौथाईच आहे आणि साठवलेल्या रसात तर जवळपास काहीच उरत नाही.

मधल्या काळात, १८६७ मध्ये, लॉकलन रोझ याने दारूऐवजी साखर घालून हा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. तो धंदा जोरात चालला. तो रस चवीला उत्तमच होता.

मी यातून एवढंच घेतलं: सरबत करावं ते चवीसाठी. गुणासाठी रोज ताजं अर्धं लिंबू पिळावं, आणि साठवायचंच असेल तर रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या डब्यात भराव्यात. आमच्याकडे वीज जाते, म्हणून डबा लहानच ठेवते.

६. भांडं

स्टील, काच, चिनी माती. ॲल्युमिनियम आणि पितळ नाही. तांब्याचा कण जरी रसात उतरला तरी जीवनसत्त्व अधिक वेगाने जातं. पिळून उरलेल्या साली मात्र तांब्या-पितळेच्या देवांसाठीच आहेत. मिठाबरोबर घासल्या की पितांबरी विकत आणावी लागत नाही.

७. दुसऱ्यांची युक्ती आपल्या हवामानात बसते का ते बघावं

इराण आणि ओमानकडे छोटी लिंबं अख्खीच मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात. आतला गर सुकून काळा होतो, लिंबू खुळखुळ्यासारखं हलकं होतं, आणि मग वर्षभर ते भोक पाडून रश्श्यात टाकतात. दुबईला कामाला असलेल्या गावातल्या एकाने आणलेलं मी चाखलं आहे; चिंच आणि धूर यांच्या मधली चव. ढिगासाठी याहून सोपी कृती नाही, साखर नको, बरणी नको. पण त्याला लागतं सलग कडक ऊन. आमच्याकडे असं ऊन मार्च ते मे, आणि तेव्हा लिंबू सोन्याच्या भावाने असतं. ते वाळवायला कोण ठेवेल? श्रावणातलं ऊन बरणीला पुरतं, अख्ख्या लिंबाला पुरत नाही, आत बुरशी धरते. ही युक्ती मी सोडून दिली.

८. विकायचं असेल तर तराजू वेगळा लागतो

बचत गटातल्या बायका दर वर्षी विचारतात, म्हणून लिहिते. घरी पिण्याच्या सरबताला मी काहीच परिरक्षक घालत नाही, फ्रीजमध्ये ठेवते. विक्रीच्या बाटलीत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं, लिटरला साधारण ०.६ ग्रॅम, आणि ते 'चिमूटभर' म्हणून चालत नाही. ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा घ्यावा. दम्याच्या माणसाला हे द्रव्य त्रास देऊ शकतं, तेव्हा लेबलावर लिहावं. आणि संगमनेर-राहात्याच्या पाहुण्यांनी डाळिंबं पाठवली म्हणून तेच डाळिंबाच्या रसात घालू नये; लाल रंग उडतो. तिथे सोडियम बेन्झोएट. अन्न सुरक्षा नोंदणी आधी करावी, बाटल्या नंतर आणाव्यात. बहुतेक जणी उलट करतात.

घरगुती वाटपाबद्दल एक गोष्ट. लोणचं वाटायला हरकत नाही, पण काचेची बरणी गेली की परत येत नाही.

९. खरी पाककृती झाडावर आहे

हे सगळं करून ढिगाचा काही भाग उरतोच. तो मी शेणखताच्या खड्ड्यात थोडा थोडा टाकते आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही. प्रत्येक फळाला पदार्थ शोधत बसलं की घरातली बाई श्रावणभर ओसरीवरच.

ढीगच पडू नये यासाठी करायचं ते हस्त बहार धरणं. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात फूल येतं आणि फळ मार्च ते मेमध्ये, भाव असताना, हाताशी येतं. ज्या झाडाने हस्त भरून घेतला ते आंबियाला आपसूक हात आखडतं. जूनमध्ये जिबरेलिक ॲसिड फवारून आधीची फूट दाबायची, सप्टेंबरात सायकोसेल, ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट, असं वेळापत्रक आता बागाईतदारांना पाठ आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने साई सरबती आणि फुले सरबती अशा जातीही दिल्या आहेत, बागा त्यांवर उभ्या आहेत. पण ताणाच्या मोसमात पाऊस उघडला पाहिजे, आणि आमच्या भारी काळ्या रानात एक चांगला पाऊस पडला की जमीन पंधरा दिवस ओल सोडत नाही. फवारणी केली तरी झाडाला कळतं की पाणी आहे. मुरमाड रानातल्या शेजाऱ्याचा हस्त धरतो, आमचा निम्मा धरतो. हे म्हणतात पुढच्या वर्षी सरीत प्लॅस्टिक अंथरून बघू.

यंदा सप्टेंबरभर पाऊस होता. ताण बसला नाही, तेव्हा आंबिया भरपूर येणार आणि जुलैत लिंबं पुन्हा ओसरीवर येणार. ज्यांना लोणचं हवं आहे त्यांनी आत्ताच सांगावं. मागच्या वर्षीची बरणी परत आणणाऱ्यांचा नंबर आधी लागेल.